हातविणीचा नवरा, एक नग

"फॉर्म मी भरतो," हे तीन शब्द घसारेबुवा त्या रविवारी सकाळी बोलले नसते, तर एक नवरा सुखासुखी परदेशी पोचला असता आणि पुढचं सगळं रामायण टळलं असतं. पण बोलायचं नाही तिथं बोलणं आणि बोलायचं तिथं पेपर उघडून बसणं, हा त्यांचा जुना स्वभाव. स्वभावाला औषध नाही.

घसारेबुवा हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. एका मोठ्या कचेरीत ते भांडार सांभाळायचे. कुठली खुर्ची कधी घेतली, तिचा पाय केव्हा मोडला आणि मोडल्यावर कागदोपत्री तिची किंमत काय उरली, हे ठरवणं त्यांचं काम. वस्तू जुनी होत जाते तशी दरवर्षी तिची किंमत थोडी थोडी कापायची, त्याला म्हणतात घसारा. हा घसारा त्यांच्या अंगात इतका मुरला होता, की घरातल्या लग्नाच्या वेळच्या कुकरकडे बघूनही ते म्हणायचे, "याची आता किंमत शून्य." (कुकर रोज शिट्ट्या द्यायचा. पण कागदोपत्री तो केव्हाच वारला होता.) ऑफिसात पडलेलं हे नाव एकदा एका सहकाऱ्यानं घरी येऊन सांगितलं आणि मग घरातही ते चिकटलं ते चिकटलंच.

त्यांची बायको हातानं फार गुणी. एका कपड्यांच्या दुकानासाठी ती पँटा आखूड करून द्यायची, चेन बदलून द्यायची. दुसऱ्यांच्या पँटा आखूड करण्यात तिची उमेदीची वर्षं गेली होती, आणि दुकानदार कामाला नावं ठेवल्याशिवाय पैसे काढत नसे. उरलेल्या वेळात मात्र ती स्वतःसाठी काम करायची. क्रोशाची सुई आणि लोकर घेऊन माणसं विणायची. वीतभर उंचीची, आत कापूस भरलेली, अगदी हुबेहूब. कॉलेजात जाणाऱ्या लेकीनं तिला एक ऑनलाइन दुकान थाटून दिलं. त्यात माल तीनच प्रकारचा: आजी, शेजारीण आणि नवरा. आजीला लोकांनी खूप हृदयं पाठवली, पण घेतली कुणी नाही. शेजारणीकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. नवऱ्याला मात्र थेट परदेशातून मागणी आली.

तिकडच्या एका बाईचं भेटवस्तूंचं दुकान होतं. तिनं लिहिलं होतं, आधी एक नवरा नमुन्यादाखल पाठवा. नीट पोचला, लोकांना आवडला, तर खोकंभर घेईन.

"खोकंभर!" बायको म्हणाली. तिनं ते वाक्य लेकीकडून पुन्हा वाचून घेतलं. "खोकंभर नवरे गेले ना, तर त्या दुकानदाराला तोंडावर सांगेन, तुझ्या पँटा तूच आखूड कर."

हे ती हसत म्हणाली, पण तिचे डोळे भरून आले होते. घसारेबुवांनी ते पाहिलं. आपणही काहीतरी केलं पाहिजे असं त्यांना मनापासून वाटलं, आणि इथंच घोटाळा झाला.

नवरा टेबलावर ठेवलेला होता. खुर्चीत बसल्यासारखा. टक्कल, पोट पुढं आलेलं, चष्मा कपाळावर सरकलेला, तोंड किंचित उघडं, पोटावर इवलासा पेपर. एका पायात निळा मोजा, दुसऱ्यात काळा.

"झकास जमलाय," घसारेबुवा त्याला हातात घेऊन म्हणाले. "आमच्या अकाउंट्समध्ये अस्साच एक माणूस आहे."

लेकीनं आईकडे पाहिलं. आईनं लोकरीच्या गुंड्याकडे पाहिलं.

"आता फक्त कस्टम्सचा फॉर्म राहिला," लेक म्हणाली. "परदेशी पार्सल पाठवताना आत काय आहे, किती किमतीचं आहे, सगळं लिहून द्यावं लागतं. त्यावरून ते लोक तिकडे कर लावतात. पाच मिनिटांचं काम आहे, मी करते."

"फॉर्म मी भरतो," घसारेबुवा म्हणाले. "हे पोरखेळाचं काम नाही. आम्ही फॉर्म भरण्यात हयात घालवली."

ते हात धुऊन आले. चांगलं पेन शोधलं. (चांगलं पेन म्हणजे ऑफिसातलं.) मग टेबलाशी बसून त्यांनी बायकोला साक्षीदारासारखं समोर बसवलं.

"वस्तूचं वर्णन?"

"लिहा की, नवरा."

"अगं, नुसतं नवरा काय! सविस्तर लागतं. हातविणीचा नवरा, एक नग. बसलेला." ते लिहीत गेले. "आत काय आहे?"

"कापूस."

"सगळीकडे?"

"डोक्यात जरा जास्त."

"यंत्र, बॅटरी वगैरे? आपोआप हालचाल करतो का?"

"छे हो. जिथं बसवला तिथं बसतो."

"आवाज?"

"आवाज काढता आला असता तर पेपर वाचून दाखवला असता," लेक आतून म्हणाली.

"नवीन की वापरलेला?"

"नवीनच. वापरलेला कोण घेणार?"

घसारेबुवांना बायकोच्या उत्तरांत एक प्रकारचा अनुभव जाणवला, पण त्यांनी तिकडे लक्ष दिलं नाही. "बरं, किंमत?"

"बाराशे."

पेन थांबलं. "बाराशे? अगं, आमची तीन पायांची खुर्ची गेल्या लिलावात पंधराशेला गेली!"

"मग ती पाठवा परदेशी. दुकानात बाराशे लिहिलंय, तेच लिहा."

त्यांनी बाराशे लिहिलं, नाखुशीनंच. मागच्या बाजूला शेवटचा रकाना होता: पार्सल पोचतं झालं नाही तर काय करावं? एक, पाठवणाऱ्याच्या खर्चानं परत पाठवावं. दोन, सोडून दिलं असं समजावं. त्यांनी हा प्रश्न मोठ्यानं वाचला, तेवढ्यात बायकोनं कागद ओढून घेतला. "आणा इकडे, सही माझी लागते ना? ते मी बघते." तिनं झटकन खूण केली, सही केली आणि कागद खोक्यात ठेवून दिला. घसारेबुवा तोवर पेनाचं टोपण शोधत होते.

दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाता जाता ते पार्सलच्या काउंटरवर थांबले. काउंटरवरच्या बाईंनी खोकं उघडायला लावलं. आत काय आहे हे बघितल्याशिवाय त्या चिकटपट्टी लावत नसत. त्यांनी नवरा बाहेर काढला. त्याच्याकडे पाहिलं. मग घसारेबुवांकडे पाहिलं. मग पुन्हा नवऱ्याकडे.

"ओळखपत्र देऊ ना?" घसारेबुवांनी खिशात हात घातला.

"राहू द्या," बाई म्हणाल्या. "कळलं."

"काय कळलं?"

बाई काउंटरवरून जरा वाकून त्यांच्या पायांकडे बघायला लागल्या. म्हणून घसारेबुवांनीही खाली पाहिलं. एका पायात निळा मोजा होता. दुसऱ्यात काळा.

त्यांचा हात आपोआप कपाळाकडे गेला. चष्मा तिथंच होता.

अकाउंट्समधला माणूस! रांगेत मागे उभी असलेली दोन माणसंही आता मान लांब करून बघत होती, आणि घसारेबुवांना कान तापल्यासारखे वाटले. म्हणजे गेले कित्येक आठवडे आपली बायको समोर बसून सुई हलवत होती, ती आपल्याला विणत होती तर! आणि आपण मजेत घोरत होतो.

तसा त्यांना राग आला नव्हता. खरं सांगायचं तर थोडं बरंच वाटलं होतं. इतक्या वर्षांत कुणी त्यांचा साधा फोटो फ्रेम केला नव्हता, आणि इथं बायकोनं टाका टाका घालून अख्खा माणूस उभा केला. (बसवला.) बरं वाटणं तिथंच थांबलं असतं तर काही बिघडलं नसतं. पण बाई फॉर्म वाचू लागल्या.

"हातविणीचा नवरा, एक नग. वापरलेला नाही. किंमत बाराशे. बरोबर?"

रांगेतलं कुणीतरी खुसकन हसलं.

"थांबा," घसारेबुवा म्हणाले.

त्यांनी पेन काढलं आणि बाराशेच्या पुढे एक शून्य लावून टाकलं. शून्यानं भांडारातल्या वस्तू निकाली निघायच्या, आज त्याच शून्यानं नवरा बारा हजारांचा झाला. शिवाय ऑफिसची सवय अशी, की कागदावर दुरुस्ती केली की शेजारी सही पाहिजेच. तीही त्यांनी केली, चांगली वळणदार. मग कॉलर सारखी करून ते ऑफिसला गेले. त्या दिवशी त्यांनी एका जुन्या कपाटाचा घसारासुद्धा जरा हात राखूनच धरला.

नवरा परदेशी पोचला आणि तिथंच अडकला.

एका संध्याकाळी लेकीनं त्या दुकानवाल्या बाईचा निरोप वाचून दाखवला. तिकडच्या कस्टम्सनं एवढा कर मागितला होता, की तेवढ्यात तिला दुसरे दहा नवरे आले असते. वर त्यांना संशय आला होता. तुमच्या वेबसाइटवर बाराशे आणि कागदावर बारा हजार, म्हणजे आत नक्की आहे काय? पाठवणाऱ्यांनी लेखी खुलासा केला तर ठीक. नाहीतर मी पार्सल नाकारते, माफ करा, आणि पुढच्या ऑर्डरचंही राहू द्या. सोबत फॉर्मचा फोटो होता.

बायकोनं फोटो मोठा करून पाहिला. शून्य दिसलं. शेजारची सही दिसली.

"अहो," ती म्हणाली. हा 'अहो' नेहमीचा नव्हता. "ही सही कुणाची?"

चोरानं चोरी करून वर पावती द्यावी तसं झालं होतं. घसारेबुवांनी पेपरची घडी केली, उलगडली, पुन्हा केली.

"म्हटलं, बाराशे फारच कमी दिसतात."

"कुणाला?"

"मला! तुझ्या लेखी माझी किंमत बाराशे? रांगेत लोक हसले, माहितीय?"

"तुमची किंमत? अहो, ती बाहुली आहे!"

"पण बाहुली मीच आहे ना?"

बायको हळूच म्हणाली, "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"पार्सलवाल्या बाईंनी ओळखपत्र घेतलं नाही."

लेकीला हसू आवरेना, ती उठून गॅलरीत गेली. बायकोच्या ओठांवरही हसू येऊ पाहत होतं, पण ते आलंच नाही. ती खुर्चीत बसली आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

"एवढीच तर एक गोष्ट माझी होती हो," ती म्हणाली. "कुणीतरी इतक्या लांबून माझ्या हातचं काहीतरी मागितलं होतं. पँट नाही, चेन नाही. माझं काम. आणि शून्य लावायचंच होतं तर आकड्याच्या आधी लावायचं, कुणाचं काही बिघडलं नसतं."

घसारेबुवांना स्वतःचीच शरम वाटली. बायकोचं खोकंभर स्वप्न त्यांनी एका पोकळ शून्यात बुडवलं होतं, तेही ऑफिसच्या पेनानं. त्यांनी तिच्या हातावर ठेवायला हात पुढे केला. तिनं हात मागे घेतला, आणि कोपऱ्यात पडलेली दुकानदाराची पँट उचलून उसवायला घेतली.

ते बघून मात्र त्यांच्याच्यानं राहवेना. "खुलासा लिहितो," ते म्हणाले. "आत्ता."

"सोपं आहे बाबा," लेक गॅलरीतून आत येत म्हणाली. "लिहून टाका, कारकुनी चूक झाली."

घसारेबुवांचा चेहरा पडला. साऱ्या नोकरीत त्यांच्या नावावर एकही कारकुनी चूक नव्हती. निवृत्तीच्या भाषणात साहेब हेच वाक्य बोलणार, हे त्यांनी साहेबांना आत्तापासून सांगून ठेवलं होतं. त्यांनी पँटेकडे पाहिलं. बायकोकडे पाहिलं. आणि पेन उघडलं.

लिहिलं ते असं:

"सदर नवऱ्याची किंमत निम्नस्वाक्षरीकाराने दसपट वाढवून दाखवली, ही निव्वळ कारकुनी चूक असून तिला पाठवणारीची कोणतीही संमती नव्हती. सदर नवऱ्याची प्रत्यक्ष तपासणी केली असता तो जागचा हलत नाही, त्यास कोणतेही यंत्र नाही, व डोक्यात कापूस आहे, असे आढळून येईल. त्याची खरी किंमत बाराशेच आहे. त्यातील जे काही मोल आहे, ते विणणारीच्या हाताचे आहे. नवऱ्याचे त्यात काही नाही."

लेकीनं हे मोठ्यानं वाचलं. शेवटच्या दोन वाक्यांना तिचा आवाज जरा मऊ झाला. बायकोनं मान वर केली नाही, पण पँट उसवणारा हात थांबला.

"घसारा धरला नाही?" तिनं विचारलं.

"धरू? लग्नापासून धरला तर काहीच उरत नाही."

"राहू द्या मग," ती म्हणाली आणि नाक पुसलं. "आहे तेवढं बरं आहे."

खुलासा गेला. मग वाट बघणं आलं. लेक कॉलेजातून फोन करून सांगायची, अजून काही नाही. बायको पँटा आखूड करत राहायची. घसारेबुवांच्या मनात वेगळाच किडा वळवळत होता. पार्सल नाकारलं गेलं, तर फॉर्मच्या मागे केलेल्या खुणेप्रमाणे होणार. बायकोनं खूण कशावर केली होती? परत पाठवा यावर, की सोडून दिला यावर? तिला विचारायचा धीर होईना. ते सकाळी उठून मोजे जोडीनं घालू लागले. चष्मा नाकावर ठेवू लागले. एकदा तर त्यांनी न सांगता कपबशा विसळल्या. (बशी एक फुटली. तिची किंमत तशीही शून्यच होती.)

आणि मग एकदाचा निरोप आला. कस्टम्सनं खोकं उघडून नवरा बाहेर काढला होता, खुलाशाशी ताडून पाहिला होता आणि शेरा मारला होता, 'वर्णन तंतोतंत'. कर नाममात्र लागला. दुकानवाल्या बाईनं त्याला काचेत ठेवला होता. तिनं लिहिलं होतं, दुकानात येणारी प्रत्येक बाई त्याच्यापुढे थांबते आणि म्हणते, अगंबाई, हा तर माझाच. खोकंभर पाठवा, आणि लवकर.

बायकोनं लेकीला मिठी मारली. मग हातातली पँट घडी न घालताच पिशवीत कोंबली, पायांत चपला घातल्या आणि तडक दुकानदाराकडे निघाली. परत आली ती रिकाम्या हातानं, गालातल्या गालात हसत. "सांगितलं," एवढंच म्हणाली. घसारेबुवांना इतका आनंद झाला, की जगातल्या सगळ्याच बायकांचा नवरा आपल्यासारखा दिसतो याचं दुःखही त्यांनी गिळलं.

त्या दिवसापासून ते नमुना म्हणून समोर बसू लागले. पहिल्या दिवशी दाढी करून, ताठ, हनुवटी वर करून बसले. बायको सुई हातात घेऊन बराच वेळ बघत राहिली.

"काय झालं?"

"अहो, झोपा ना जरा. जागेपणी तुम्ही तुमच्यासारखे मुळीच दिसत नाही."

ते झोपले. त्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं.

खोकं भरलं. फॉर्म या खेपेला बायकोनं भरला, आणि ऑफिसचं पेन लेकीनं कपाटात ठेवून कुलूप लावलं. घसारेबुवांचं काम फक्त रकाने वाचून दाखवण्याचं. वाचता वाचता ते मागच्या बाजूला आले आणि त्यांचा आवाज अडखळला.

"पोचतं झालं नाही तर काय करावं?" ते म्हणाले. मग घसा साफ केला. "मागच्या वेळी... तू काय खूण केली होतीस गं?"

"परत पाठवावं. खर्च पाठवणाऱ्याचा."

घसारेबुवांनी चष्मा काढून पुसला. परदेशातून परत मागवायचा खर्च म्हणजे बाराशेच्या कितीतरी वर! तोही तिनं सोसायचं ठरवलं होतं, तेव्हा ना शून्याचा पत्ता होता, ना खुलाशाचा.

"म्हणजे," ते कसेबसे म्हणाले, "एवढा खर्च करून तू मला परत आणलं असतंस?"

"मग! आणला असताच," बायको खूण करता करता म्हणाली. "लोकर चांगली होती हो. उसवून दुसरा केला असता."